ओलेक्सी नोव्हिकोव्ह आणि ताकदीचं गणित

घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. दोन मजले चढवून वर आणला की दंड भरून येतात, बोटं वळत नाहीत आणि दाराशी टेकवताना तोंडातून आपोआप ‘हुश्श’ निघतं. असे अठरा सिलिंडर एकाच लोखंडी दांड्याला अडकवलेत असं समजा. होतात साधारण ५४० किलो. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ब्रेडेंटन गावी, ओलेक्सी नोव्हिकोव्हनं जवळपास तेवढंच, म्हणजे ५३७.५ किलो वजन उचललं आणि तो ताठ उभा राहिला. गडी युक्रेनचा, जन्म कीव्हचा, वय २४. त्या प्रकारातला तो जागतिक विक्रम होता. त्याच स्पर्धेत तो ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ ठरला, म्हणजे जगातला सर्वांत ताकदवान पुरुष.

हे वाचलं की मनात सरळ हिशोब होतो. सगळ्यांत जड उचललं, म्हणून जिंकला. मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. पण विक्रम केला नसता तरी तो जिंकू शकला असता, आणि विक्रम करूनही हरू शकला असता. हे कसं, ते समजलं की या खेळाचं कोडं उलगडतं. नोव्हिकोव्हची कारकीर्द त्यासाठी मला सगळ्यांत चांगलं उदाहरण वाटते, कारण या खेळातल्या राक्षसी देहांच्या रांगेत तो चक्क लहान दिसतो.

आधी तो विक्रम नेमका काय होता ते पाहू.

जमिनीवर ठेवलेला वजनाचा दांडा दोन्ही हातांनी धरून सरळ उभं राहायचं, याला डेडलिफ्ट म्हणतात. वजनाच्या मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणून त्यांच्या मधोमध असलेला दांडा जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. तिथून उचलायला सुरुवात केली की गुडघे वाकलेले, कंबर मागे गेलेली आणि पाठ पुढे झुकलेली असते. नोव्हिकोव्हनं केली ती अर्धी डेडलिफ्ट. तिच्यात दांडा सुरुवातीलाच १८ इंचांवर, म्हणजे साधारण ४६ सेंटिमीटरवर, गुडघ्यांच्या आसपास असतो.

एवढ्यानं काय फरक पडतो? पाण्यानं भरलेली बादली अंगाशी धरून उभे राहा. मग तीच बादली हात लांब करून अंगापासून दूर धरा. पाणी तेवढंच, बादलीही तीच, पण क्षणात जड होते. वजन सांध्यापासून जितकं लांब, तितका त्या सांध्यावरचा ताण जास्त. खालून उचलताना कंबर आणि दांडा यांच्यात आडवं अंतर खूप असतं. दांडा गुडघ्यापर्यंत येतो तोवर कंबर बरीच पुढे आलेली असते आणि ते अंतर कमी होतं. म्हणून वरून सुरू केलेल्या डेडलिफ्टमध्ये माणूस जास्त वजन पेलतो. त्याच वर्षी मे महिन्यात आइसलंडच्या हाफ्थोर ब्यॉर्नसननं जमिनीवरून ५०१ किलो उचलून विक्रम केला होता. ५३७.५ हा आकडा ५०१ पेक्षा मोठा दिसतो, पण या दोहोंची तुलनाच होत नाही. इथे उचलायची वाट निम्मी आहे.

तरीही अर्ध्या टनाहून जास्त वजन मणक्यावर येतं ते येतंच. त्या क्षणी खेळाडूच्या पोटाकडे बघावं. दांडा धरण्याआधी तो पोटभर श्वास घेतो, रोखून धरतो आणि कमरेच्या जाड पट्ट्यावर पोट आतून दाबतो. त्यामुळे धडाच्या आत दाब तयार होतो आणि मणक्याला चहूबाजूंनी आधार मिळतो. हवा भरलेलं टायर गाडीचं वजन घेतं, तसंच हे. हातांना पट्टे बांधलेले असतात, कारण एवढं वजन पाठ आणि मांड्या पेलू शकल्या तरी बोटं पेलत नाहीत. मग दांडा वाकतो, दोन्ही टोकं जरा उशिरा उचलली जातात, आणि चेहरा लालबुंद होतो. सगळा प्रकार काही सेकंदांत संपतो.

असा पराक्रम करून मिळतं काय? त्या प्रकारातला पहिला नंबर, आणि त्या नंबराचे गुण. बस्स.

इथेच या खेळाची खरी गोम आहे. ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ ही स्पर्धा १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. हल्ली तिच्यात साधारण २५ जण उतरतात, त्यांचे पाचपाच जणांचे पाच गट पडतात, आणि गाळणी लागून दहा जण अंतिम फेरीत पोहोचतात. अंतिम फेरीत पाचसहा वेगवेगळे प्रकार असतात. प्रत्येक प्रकारात पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं करत शेवटच्याला १. कोण किती फरकानं जिंकला याला किंमत नाही. पहिल्यानं दुसऱ्यापेक्षा एक किलो जास्त उचललं काय आणि शंभर किलो जास्त उचललं काय, गुणांत फरक एकाचाच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सहा प्रकार आहेत. एक गडी तीन प्रकारांत पहिला आला आणि उरलेल्या तिन्हीत आठवा. त्याचे झाले ३० आणि ९, मिळून ३९ गुण. दुसरा गडी एकदाही पहिला आला नाही, दुसराही आला नाही, पण सहाही प्रकारांत तिसरा आला. त्याचे गुण ४८. किताब दुसऱ्याला. तीन प्रकारांत सगळ्यांना धूळ चारणारा माणूस नऊ गुणांनी मागे राहिला.

म्हणजे या स्पर्धेत एखादी गोष्ट अचाट जमून भागत नाही. जी जमत नाही तीच गोष्ट खेळाडूला खाली खेचते. शाळेत गणितात पैकीच्या पैकी आणि भाषेत नापास झालेल्या मुलाची गुणपत्रिका आठवा. नोव्हिकोव्हचं बलस्थान हेच, की त्याच्या गुणपत्रिकेत नापासाचा लाल शेरा शोधूनही सापडणं कठीण. तो उचलतो चांगलं, डोक्यावर ढकलतो चांगलं, वजन घेऊन पळतोही चांगलं. यातला पळण्याचा भाग प्रेक्षक हमखास विसरतात.

कारण स्ट्राँगमन म्हटलं की आपल्यासमोर जागेवर उभं राहून ओझं उचलणारा माणूस येतो. प्रत्यक्षात कित्येक प्रकारांत ओझं घेऊन चालावं किंवा धावावं लागतं. योक नावाचा प्रकार घ्या. योक म्हणजे जू, आणि हे नाव बैलाच्या जुवावरूनच आलेलं. लोखंडी चौकट खांद्यावर घ्यायची आणि ठरलेलं अंतर कापायचं. ओझं असतं कित्येकशे किलोंचं. फार्मर्स वॉकमध्ये दोन हातांत दोन जड वजनं घेऊन तसंच चालायचं. मेडलीमध्ये पिंप, पोतं, नांगर असल्या वेगवेगळ्या वस्तू एकामागून एक उचलून पलीकडे नेऊन ठेवायच्या, घड्याळ लावून, साधारण मिनिटभरात. चौथी वस्तू उचलताना दंडाआधी दमच संपतो. आपल्याकडे तालमीत दगडी नाल उचलतात, मुद्गल फिरवतात. ज्यांनी तो घाम गाळलाय त्यांना हे सांगायला नको. पहिल्या चार फेऱ्या अंगातला जोर काढतो, पुढच्या फेऱ्या छातीतला श्वास.

आता देहाच्या आकाराकडे येऊ. नोव्हिकोव्हची उंची सुमारे १८५ सेंटिमीटर आणि वजन १३५ ते १४० किलोच्या आसपास. रस्त्यात समोरून आला तर आपण बाजूला होऊ. पण २०२० मध्ये त्याच्या मागे दुसरा आलेला स्कॉटलंडचा टॉम स्टोल्टमन २०३ सेंटिमीटर उंच आणि वजनानं त्याच्यापेक्षा कितीतरी भारी आहे. चार वेळा हा किताब जिंकलेला अमेरिकेचा ब्रायन शॉही तेवढाच उंच. या दोघांच्या मधे नोव्हिकोव्ह उभा राहिला की त्याचं डोकं त्यांच्या खांद्याच्या जरासं वर येतं.

मोठ्या देहाचा फायदा काय? स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर ठरतो. नेमकं सांगायचं तर स्नायू आडवा कापला तर जेवढं क्षेत्रफळ दिसेल, त्यावर. माणूस सगळ्या बाजूंनी सारख्याच प्रमाणात दुप्पट मोठा झाला, तर हे क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. म्हणजे मोठ्या माणसाचा एकूण जोर जास्त असतो, पण स्वतःच्या वजनाच्या मानानं तो कमी पडतो. मुंगी स्वतःच्या कित्येक पट वजन ओढते आणि हत्तीला ते जमत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

स्ट्राँगमनमध्ये ओझं सगळ्यांना सारखंच असतं. वजनगट नाहीत, सवलत नाही. म्हणून जागेवर उचलायच्या प्रकारांत एकूण जोर मोजला जातो आणि मोठा देह वरचढ ठरतो. पण धावायची वेळ आली की ओझ्याबरोबर स्वतःचा देहही न्यावा लागतो. १८० किलोच्या माणसाला वळण घेताना, थांबताना, वाकून पुन्हा उठताना स्वतःचंच वजन आवरावं लागतं. १३७ किलोचा माणूस तिथे चपळ असतो. पायही तुलनेनं आखूड, त्यामुळे पावलं छोटी आणि झपाझप पडतात आणि खांद्यावरचं जू कमी हेलकावतं.

डोक्यावर ओंडका ढकलताना आणखी एक हिशोब असतो. हात सरळ होईपर्यंत ओझं वर गेलं पाहिजे. ज्याचे हात लांब, त्याला ते जास्त उंच न्यावं लागतं. वजन तेवढंच पण वाट लांब, म्हणजे काम जास्त. नोव्हिकोव्हला इथे त्याच्या बांध्याची मदत होते.

मग उंच माणसाला हुकमी फायदा कुठे? अ‍ॅटलस स्टोन्समध्ये. काँक्रीटचे पाच गोल गोळे, शंभर किलोच्या आसपासपासून चढत चढत दीडशेच्या बराच पुढे जाणारे. १९८६ मध्ये हा प्रकार स्पर्धेत आला आणि आता बहुतेक वेळा शेवटचा प्रकार हाच ठेवतात. गोळ्याला कडी नाही, दांडा नाही, बोटं अडकवायला खाच नाही. खेळाडू हातांना राळेसारखा चिकट लेप लावतात, वाकून गोळ्याला मिठी मारतात, तो मांडीवर घेतात, तिथे एक श्वास घेतात, छातीशी कवटाळतात आणि कमरेला झटका देऊन चबुतऱ्यावर लोटतात. चबुतऱ्याची उंची सगळ्यांना एकच. स्टोल्टमन सरळ उभा राहिला की गोळा जवळजवळ चबुतऱ्याच्या काठाशीच येतो, आणि त्याचे लांब हात गोळ्याभोवती पार मागपर्यंत पोहोचतात. नोव्हिकोव्हला तोच गोळा छातीवरून आणखी वर सरकवावा लागतो. जवळून पाहिलं तर त्याची हनुवटी आकाशाकडे वळलेली आणि पाठ मागे कमानीसारखी ताणलेली दिसते.

आता पुन्हा २०२० कडे बघा. दुसरा स्टोल्टमन, तिसरा कॅनडाचा जाँ-फ्रान्स्वा कारों, आणि दोघांच्या वर नोव्हिकोव्ह. उंच माणसांच्या प्रकारांत फार मागे पडायचं नाही, चपळाईच्या प्रकारांत पुढे जायचं आणि डेडलिफ्टसारख्या जोराच्या प्रकारात सगळ्यांना चकित करायचं, हे त्याला साधलं. त्या वर्षी करोनामुळे स्पर्धा लांबली होती आणि सराव सगळ्यांचाच विस्कळीत झाला होता. काही जणांनी त्याच्या किताबाला याच कारणानं कमी लेखलं. मला ते पटत नाही. विस्कळीत वर्ष सगळ्यांनाच सारखं होतं, आणि ५३७.५ किलो करोना बघून हलके होत नाहीत.

पण हेच गणित पुढच्या वर्षी त्याच्यावर उलटलं. २०२१ मध्ये गतविजेता म्हणून उतरलेला नोव्हिकोव्ह अंतिम फेरीतही पोहोचला नाही, गटातच बाद झाला. गटात पाचच जण असतात, प्रकार थोडे असतात, त्यामुळे एखाददुसरी चूक भरून काढायला वावच राहत नाही. अंतिम फेरीत एक वाईट दिवस निभावून जातो, गटात निभावत नाही. किताब स्टोल्टमनकडे गेला. माझ्या मते नोव्हिकोव्हची खरी ओळख विजयात दिसत नाही, ती या पडण्यानंतरच्या वर्षात दिसते.

त्या वर्षाकडे जाण्याआधी एका वडीलधाऱ्या माणसाचा उल्लेख करायलाच हवा. हा किताब युक्रेनला पहिल्यांदा आणून दिला वासिल विरास्त्युकनं. जन्म १९७४ चा, गाव पश्चिम युक्रेनमधलं इव्हानो-फ्रँकिव्स्क. तो मूळचा गोळाफेकपटू. गोळाफेकीत जांघ, कंबर आणि खांदा यांची ताकद एका झटक्यात बाहेर काढायची असते, आणि तीच सवय त्याला ओझी फेकताना, ढकलताना उपयोगी पडली. २००३ मध्ये तो तिसरा आला आणि २००४ मध्ये बहामाजला पहिला. तेव्हा त्यानं लिथुआनियाच्या झिद्रूनास साविकासला मागे टाकलं होतं. या खेळातला सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ म्हणून बरेच जण साविकासचं नाव घेतात.

मग विरास्त्युकनं आपला किताब राखायचा प्रयत्न का केला नाही? कारण खेळातच फाटाफूट झाली. २००५ च्या सुमाराला इफ्सा नावाची संघटना आणि ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ भरवणारे वेगळे झाले. इफ्साशी करार केलेल्या खेळाडूंना दुसरीकडे खेळता येईना, आणि विरास्त्युक इफ्साकडे होता. काही वर्षं जगात दोन ‘सर्वांत ताकदवान’ पुरुष होते. जुन्या याद्या वाचताना हे माहीत नसलं की डोकं चक्रावतं. २००७ मध्ये विरास्त्युकनं दक्षिण कोरियात इफ्साचंही जगज्जेतेपद मिळवलं, आणि दोन्हीकडचा किताब जिंकणारा तो पहिला ठरला. त्यानंतर लवकरच इफ्साचा डोलारा कोसळला. विरास्त्युक पुढे २०२१ मध्ये युक्रेनच्या संसदेत निवडून गेला.

विरास्त्युकच्याही मागे मोठी परंपरा आहे. झापोरिझ्झ्याचा लिओनिद झाबोतिन्स्की १९६४ आणि १९६८ अशा दोन ऑलिंपिकमध्ये सर्वांत वरच्या वजनगटात भारोत्तोलनाचं सुवर्णपदक घेऊन आला होता, अर्थात तेव्हाच्या सोव्हिएत संघाकडून. ताकदीच्या माणसाला मान देणारा हा देश आहे. आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाला हे लगेच उमगेल.

आता २०२२. २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं. लष्करी कायदा लागू झाला आणि १८ ते ६० वयाच्या पुरुषांना परवानगीशिवाय देश सोडायला मनाई झाली. नोव्हिकोव्ह २६ वर्षांचा होता आणि त्याचं गाव कीव्ह, म्हणजे रशियन फौजांचं पहिलं लक्ष्य.

इथे सरावाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढच्या गोष्टीचं वजन कळणार नाही. या खेळात ताकद आठवड्या-आठवड्यानं रचली जाते. जड दिवस, मग विश्रांतीचा दिवस, पुन्हा थोडं जास्त वजन, आणि स्पर्धेच्या तोंडावर मुद्दाम सराव हलका करून शरीर ताजं ठेवायचं. सोबत दिवसभरात पाचसहा वेळा भरपूर जेवण आणि लागून झोप. झोप तुटली की स्नायू भरून येत नाहीत, जेवण चुकलं की वजन उतरतं. सायरन वाजत असताना यातली एकही गोष्ट हातात राहत नाही. मनाचं तर विचारायलाच नको.

आक्रमणानंतर ३७ दिवसांनी, २ एप्रिल २०२२ ला, इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ‘युरोप्स स्ट्राँगेस्ट मॅन’ स्पर्धा झाली. नोव्हिकोव्ह तिथे उतरला आणि पहिला आला.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेत सॅक्रॅमेंटोला जागतिक स्पर्धा भरली. स्टोल्टमन पहिला, लाटव्हियात जन्मलेला मार्टिन्स लिसिस दुसरा, नोव्हिकोव्ह तिसरा. वर्षभरापूर्वी ज्याला गटही ओलांडता आला नव्हता, तो पुन्हा पहिल्या तिघांत उभा होता.

२०२३ च्या १ एप्रिलला लीड्समध्ये युरोपचा किताब पुन्हा युक्रेनकडेच गेला, या वेळी पाव्हलो कोर्दियाकाकडे. त्याच महिन्यात साउथ कॅरोलिनातल्या मर्टल बीचवर जागतिक स्पर्धा झाली. कॅनडाचा मिचेल हूपर जिंकला, स्टोल्टमन दुसरा आला आणि तिसऱ्या पायरीवर, दोघांपेक्षा उंचीनं कमी, नोव्हिकोव्ह होता.